‘सात दिवसांनी’ आणि ‘सात दिवस’: ड जीवनसत्त्वाच्या अतिसेवनाचे ठाण्यातील एक प्रकरण

मार्च महिन्यातल्या एका सोमवारी घोडबंदर रस्त्यावरील गृहसंकुलात राहणाऱ्या ६९ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेला मुलाने आणि सुनेने दोन्ही बाजूंनी धरून माझ्या दवाखान्यात आणले. आमच्याकडे त्या गेली बारा वर्षे ‘काकू’ म्हणूनच येतात, म्हणून पुढेही मी त्यांना काकूच म्हणेन. ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत. एरवी प्रकृतीचा सगळा इतिहास तारीखवार सांगणाऱ्या काकू त्या दिवशी खुर्चीत मान टाकून बसल्या होत्या. वार विचारला तर त्यांनी ‘शनिवार’ सांगितला आणि सुनेला त्या आपल्या दिवंगत बहिणीच्या नावाने हाक मारत होत्या. जानेवारीत ५२ किलो असलेले वजन ४७ वर आले होते. जीभ कोरडी, नाडी ९६, रक्तदाब बसलेला असताना ११०/७० आणि उभे केल्यावर ९४/६०. मुलाने आधीच ठरवून ठेवले होते की हा विसरण्याचा आजार आहे, आणि मेंदूचा एमआरआय कुठे करावा एवढेच त्याला माझ्याकडून हवे होते.

सुनेने मात्र तीन गोष्टी सांगितल्या, आणि निदानाची दिशा त्यांतूनच मिळाली. आईंना सतत तहान लागते, उशाशी ठेवलेला तांब्या रात्रीत दोनदा भरावा लागतो. त्या रात्री पाच-सहा वेळा लघवीला उठतात. आणि शौचाला चार-चार दिवस होत नाही. तहान आणि लघवी म्हटले की आपल्याकडे साखरेचा संशय आधी येतो. साखर तिथेच तपासली, ती १०४ निघाली.

येथे माझी चूक नोंदवणे आवश्यक आहे. याच काकू त्याआधी पंधरा दिवसांपूर्वी बद्धकोष्ठता आणि भूक मंदावल्याची तक्रार घेऊन आल्या होत्या. ‘कोणती औषधे चालू आहेत?’ असे मी रीतसर विचारले, ‘फक्त बीपीची गोळी’ असे उत्तर आले, आणि मी इसबगोल लिहून, पाणी जास्त प्या असे सांगून त्यांना घरी पाठवले. काकू खोटे बोलल्या नव्हत्या. ज्याला डॉक्टर औषध म्हणतात आणि ज्याला घरातली माणसे औषध म्हणतात त्या दोन गोष्टी वेगळ्या असतात. ‘ताकदीच्या’, ‘हाडांच्या’, ‘कॅल्शियमच्या’ गोळ्या दुसऱ्या यादीत बसतच नाहीत. प्रश्न मी चुकीच्या शब्दांत विचारला होता.

रक्ताचे अहवाल

दुपारपर्यंत पहिले अहवाल हाती आले. आदल्या वर्षी ०.९ असलेले क्रिएटिनिन २.१ मिलिग्रॅमवर गेले होते, म्हणजे मूत्रपिंडांचे काम निम्म्याहून कमी झाले होते. कॅल्शियम १३.४ मिलिग्रॅम होते, जे साधारणपणे ८.५ ते १०.५ च्या दरम्यान असावे लागते, कॅल्शियम वाहून नेणारे रक्तातील प्रथिन, म्हणजे अल्ब्युमिन, ३.६ असल्यामुळे त्याची दुरुस्ती करून पाहिले तर खरा आकडा १३.७ येत होता. तहान, लघवी, बद्धकोष्ठता, अन्नावरची वासना जाणे आणि गोंधळलेले मन, या पाचही तक्रारी एका वाढलेल्या कॅल्शियमने समजावता येत होत्या. कॅल्शियम वाढले की मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही; पाणी गेले की शरीर कोरडे पडते आणि कोरड्या शरीरात कॅल्शियम आणखी दाट होते. हे चक्र काही आठवडे चालले होते. काकूंना त्याच दिवशी संध्याकाळी जवळच्या रुग्णालयात दाखल केले.

साठीच्या पुढच्या व्यक्तीत कॅल्शियम एवढे वाढले असेल तर दोन कारणे सर्वांत आधी डोळ्यांसमोर येतात: गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथीची गाठ किंवा कॅन्सर. त्यांना वेगळे करणारी चाचणी म्हणजे पॅराथायरॉइड संप्रेरकाची पातळी. ग्रंथीचाच दोष असेल तर कॅल्शियम वाढूनही ते संप्रेरक चढे राहते; कारण दुसरीकडे कुठे असेल तर ग्रंथी शहाण्यासारखी गप्प बसते. काकूंची पातळी दुसऱ्या दिवशी ६ आली. किमान १५ अपेक्षित असते. ग्रंथी गप्प होती. उरले कॅन्सर, विशेषतः अस्थिमज्जेचा मायलोमा. क्षयासारखे आजार, ज्यांत दाहाच्या गाठींमधील पेशी स्वतःच ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप तयार करू लागतात आणि जे आपल्या भागात कधीच यादीतून वगळता येत नाहीत. आणि ड जीवनसत्त्वाचे अतिसेवन. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. मायलोमासाठी रक्तातील प्रथिनांची तपासणी पाठवली, तिचा अहवाल यायला वेळ होता, आणि त्या मधल्या काळात ‘कॅन्सर’ हा शब्द रुग्णालयाच्या व्हरांड्यातून घरापर्यंत पोहोचलाच.

पिशवी

त्या रात्री मी सुनेला फोन करून सांगितले की घरात आई-बाबा जे काही तोंडात घालतात, मग ती गोळी असो, पूड असो, तेल असो की काढा, ते सगळे बिलांसकट घेऊन या. सकाळी नौपाड्यातल्या एका साडीच्या दुकानाची जुनी कापडी पिशवी माझ्या टेबलावर रिकामी झाली. तिच्यात रक्तदाबाची गोळी होती, ज्यात अॅम्लोडिपिनबरोबर क्लोरथॅलिडोन होते. कॅल्शियमच्या गोळ्या होत्या, सकाळ-संध्याकाळ एक, प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० युनिट ड जीवनसत्त्व. एक मल्टिव्हिटॅमिन होते. परदेशी राहणाऱ्या भाचीने आणलेली कॉड माशाच्या यकृताच्या तेलाच्या कॅप्सूलची बाटली होती. काकांच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या होत्या आणि त्यांच्याच हिरव्यागार ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल होत्या. आणि तळाशी, रबर लावून बांधलेल्या, ६०,००० युनिटच्या ड जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलच्या रिकाम्या पट्ट्या होत्या.

या कॅप्सूलचा उगम रास्त होता. आदल्या ऑक्टोबरमध्ये गुडघेदुखीसाठी काकू एका अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेल्या होत्या. तेव्हा त्यांच्या रक्तातील ड जीवनसत्त्वाची पातळी ११ नॅनोग्रॅम होती. २० च्या खाली कमतरता धरली जाते, त्यामुळे आठवड्याला ६०,००० युनिटची एक कॅप्सूल, असे आठ आठवडे, आणि त्यानंतर महिन्याला एक, हा नेहमीचाच उपचार त्यांना दिला गेला. नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये काकूंनी दर रविवारी दुधाबरोबर एक कॅप्सूल घेतली, आठ कॅप्सूल संपवल्या, येथपर्यंत सगळे बरोबर होते. चिठ्ठीवर ‘दर ७ दिवसांनी १’ असे लिहिलेले होते. पुढची ‘महिन्याला एक’ ही सूचना तोंडी दिली होती, ती चिठ्ठीवर नव्हती.

जानेवारीत दोन बदल झाले. काकांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि घरात मदतीसाठी दिवसभराच्या एक ताई येऊ लागल्या. औषधांचा गोंधळ होऊ नये म्हणून मुलाने रविवार ते शनिवार असे सात कप्पे असलेली डबी आणली, आणि सुनेने सगळ्या चिठ्ठ्या समोर ठेवून ताईंसाठी एका वहीच्या पानावर सुबक अक्षरात यादी केली. त्या यादीत ‘दर ७ दिवसांनी १’ याचे ‘१ – ७ दिवस’ असे झाले. एक विभक्तिप्रत्यय गळाला. सातही कप्प्यांत एकेक कॅप्सूल पडू लागली, दर रविवारी डबी त्याच यादीबरहुकूम पुन्हा भरली जाऊ लागली, आणि ताईंनी त्या यादीत कधीही कसूर केली नाही. ही गोष्ट उघडकीला आल्यावर त्या बाई नोकरी जाणार म्हणून रडू लागल्या होत्या. त्यांचा यात कणभरही दोष नव्हता हे मी घरच्यांसमोर स्पष्ट सांगितले. यादी करणारीचाही मला फारसा दिसत नाही. ज्या औषधाची आठवड्याची मात्रा रोजच्या मात्रेसारखीच दिसते, त्याच आकाराच्या कॅप्सूलमध्ये आणि त्याच चार-चारच्या पट्टीत मिळते, त्याची चिठ्ठी आकड्यांच्या भरवशावर सोडणे हीच मुळात घसरणीची जागा होती. ‘दर रविवारी एक’ असे लिहिले असते तर गळायला प्रत्ययच नव्हता.

औषधाच्या दुकानातही कुणी अडवले नाही. जुनी चिठ्ठी दाखवून एकेका वेळी चार-पाच पट्ट्या घेतल्या गेल्या.

बेरीज

बिले एकापुढे एक मांडली तेव्हा १ जानेवारीनंतर १८ पट्ट्या घेतल्याचे दिसले. चार गुणिले अठरा म्हणजे ७२ कॅप्सूल. दोन शिल्लक होत्या. म्हणजे ७० दिवसांत ७० कॅप्सूल, आणि त्यांचे झाले ४२ लाख युनिट. शिवाय जानेवारीच्या अखेरीस काकू साताऱ्याजवळच्या गावी लग्नाला गेल्या असताना तिथल्या एका डॉक्टरांनी ‘हाडे ठिसूळ झाली आहेत’ म्हणून कमरेत एक इंजेक्शन दिले होते. काकूंना त्याचे नाव आठवत नव्हते, परंतु मुलाच्या मोबाइलमध्ये त्या कागदाचा फोटो होता: ६ लाख युनिट, एकाच वेळी. कॅल्शियमच्या गोळ्यांतून रोज ५०० युनिट, म्हणजे ७० दिवसांत आणखी ३५,०००. मल्टिव्हिटॅमिन आणि माशाचे तेल यांतले ड जीवनसत्त्व या आकड्यांपुढे नगण्य, ते मी धरले नाही. एकूण ४८ लाख ३५ हजार युनिट, म्हणजे दिवसाला सरासरी ६९ हजार.

तुलनेसाठी, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली ठरवलेली प्रौढांची रोजची गरज ६०० युनिट आहे आणि दीर्घकाळ रोज घेण्याची वरची मर्यादा ४,००० युनिट आहे. त्या मर्यादेने ७० दिवसांत २ लाख ८० हजार होतात. काकूंच्या शरीरात त्याच्या सतरा पटींहून अधिक गेले होते. तिसऱ्या दिवशी ड जीवनसत्त्वाचा अहवाल आला: २१४ नॅनोग्रॅम. सर्वसाधारणपणे १५० च्या वर विषबाधेची पातळी धरली जाते. मायलोमाचा अहवालही निर्दोष आला, आणि तो शब्द घरातून गेला.

एककांचा घोळ येथे थोडा उलगडून सांगितला पाहिजे, कारण पिशवीतली निम्मी वेष्टने युनिटमध्ये आणि निम्मी मायक्रोग्रॅममध्ये बोलत होती. ड जीवनसत्त्वाचे ४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम. साठ हजार हा आकडा अवाढव्य वाटतो, पण वजनात तो दीड मिलिग्रॅम आहे, जिऱ्याच्या एका दाण्याहूनही कमी. आणि ‘दीड मिलिग्रॅम’ हे ऐकायला निरुपद्रवी वाटते. अ जीवनसत्त्वाचे गणित वेगळे आहे, तिथे १ युनिट म्हणजे ०.३ मायक्रोग्रॅम रेटिनॉल. म्हणून वेगवेगळ्या जीवनसत्त्वांच्या युनिटांची आपसात तुलना करू नये, आणि बेरीज करायची तर आधी एकाच मापात आणावी.

साठवण

हे एवढे सगळे शरीराने बाहेर का टाकले नाही, असा प्रश्न काकूंच्या मुलाने विचारला, आणि तो योग्यच होता. क किंवा ब गटातील बहुतेक जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात, जास्त झाली तर लघवीवाटे बरीचशी निघून जातात. अर्थात ब-६ दीर्घकाळ भरमसाट घेतल्यास नसांना इजा होते, त्यामुळे त्या गटालाही मोकळे रान नाही. अ, ड, ई आणि के ही चार मात्र मेदात विरघळतात. आतड्यातून आत शिरायला त्यांना पित्त आणि स्निग्ध पदार्थ लागतात, आणि आत गेली की ती शरीरात मुक्काम करतात: अ प्रामुख्याने यकृतात, ड आणि ई मुख्यतः चरबीत. के त्यांतले सर्वांत कमी टिकणारे.

या मुक्कामाचा उपयोगही आहे, नाहीतर आठवड्यातून एक कॅप्सूल ही कल्पनाच शक्य झाली नसती. सरकारी लसीकरणात बाळाला नवव्या महिन्यात १ लाख युनिट अ जीवनसत्त्व पाजतात आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख; यकृत ते जपून ठेवते आणि लागेल तसे सोडते, म्हणून मूल सहा महिने रातांधळेपणापासून सुरक्षित राहते. अंतर पाळले तर मोठी मात्रा हितकर असते. तेच अंतर पुसले गेले की हेच कोठार भरून वाहू लागते.

ड जीवनसत्त्वाचे काम कॅल्शियम आतड्यातून शोषून घ्यायला लावणे, हाडांना पुरवणे आणि स्नायूंना बळ देणे हे आहे. त्वचेत तयार झालेले किंवा तोंडाने घेतलेले ड जीवनसत्त्व आधी यकृतात एक रूप घेते, ज्याची आपण रक्तात चाचणी करतो, आणि मग मूत्रपिंडात त्याचे सक्रिय रूप तयार होते. मूत्रपिंडातल्या पायरीवर शरीराचा कडक पहारा असतो. यकृतातल्या पायरीवर जवळजवळ नसतो. त्यामुळे साठा बेसुमार वाढला की यकृतातले मधले रूपच इतके होते की ते सक्रिय रूपाची जागा घेऊन तेच काम करू लागते, पहारेकऱ्याला वळसा घालून. आतडे कॅल्शियम ओढत राहते, आणि त्याहून वाईट म्हणजे हाडांमधूनही कॅल्शियम सुटून रक्तात येऊ लागते. गुडघ्यासाठी आणि हाडांसाठी घेतलेली कॅप्सूल काकूंची हाडे पोखरत होती, हे ऐकून काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

रक्तदाबाच्या गोळीतल्या क्लोरथॅलिडोनने यात भर घातली. ते औषध लघवीवाटे जाणारे कॅल्शियम अडवते. एरवी ही गोष्ट वृद्धांच्या हाडांना पोषकच असते, या घरात ती नडली. ती गोळी लिहून देणारा मीच होतो.

उन्हाने असे कधी होत नाही. त्वचेत ठरावीक प्रमाणाबाहेर ड जीवनसत्त्वाचे पूर्वरूप तयार होऊ लागले की तेच ऊन त्याचे निष्क्रिय पदार्थांत रूपांतर करून टाकते. काकूंची मूळ कमतरता मात्र उन्हाशीच जोडलेली होती. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्या नौपाड्यात राहत असताना दहा-अकराच्या सुमारास भाजीला आणि तलावपाळीवर पायी जात-येत असत. घोडबंदरला चौदाव्या मजल्यावर आल्यावर ‘आमच्या घरात भरपूर ऊन येते’ असे त्या कौतुकाने सांगत, परंतु ते येत होते काचेतून, आणि ज्या किरणांनी त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते ते खिडकीच्या काचेतून जवळजवळ आत येतच नाहीत. सकाळी साडेसहाचे कोवळे ऊनही या कामी फारसे उपयोगाचे नाही, वृद्ध त्वचेची निर्मितीक्षमता तरुण त्वचेपेक्षा बरीच कमी असते, आणि पावसाळ्याचे चार महिने ठाण्यात आभाळच असते. ११ ही पातळी त्यामुळे आश्चर्याची नव्हती. ती मोजणे आणि भरून काढणे योग्यच होते. काकूंना दुखणे होते. निरोगी प्रौढांमध्ये ही चाचणी सरसकट करू नये असे एंडोक्राइन सोसायटीने २०२४ साली सुचवले आहे, तरी आपल्याकडच्या ‘फुल बॉडी’ तपासणीच्या जवळपास प्रत्येक पॅकेजमध्ये ती असतेच, आणि अहवालात लाल अक्षरात आकडा दिसला की माणूस दुकानात जाऊन कॅप्सूल मागतो.

उपचार आणि एक माघार

ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन, माशाचे तेल आणि क्लोरथॅलिडोन, हे सर्व रुग्णालयात दाखल केल्यापासूनच बंद होते. शिरेतून सलाइन सुरू केले, हृदयावर ताण येत नाही ना हे पाहत पहिल्या चोवीस तासांत सुमारे तीन लिटर दिले. हाडांतून सुटणारे कॅल्शियम थोपवणारे झोलेड्रोनिक आम्ल देण्याचा विचार झाला, परंतु मूत्रपिंडाची अवस्था पाहून मूत्रपिंडतज्ज्ञांनी ते राखून ठेवले आणि प्रेडनिसोलोन सुरू केले, जे ड जीवनसत्त्वामुळे वाढलेल्या कॅल्शियमवर चांगले लागू पडते, कारण ते आतड्यातील शोषणालाच आळा घालते. तिसऱ्या दिवशी कॅल्शियम १२.१ झाले आणि काकूंनी वार बरोबर सांगितला. सातव्या दिवशी ते ११ वर आले आणि त्यांना घरी सोडले.

तीन आठवड्यांनी प्रेडनिसोलोन भराभर कमी करत आणले, आणि कॅल्शियम पुन्हा ११.८ वर गेले. बाहेरून एक युनिटही जात नव्हते. चरबीतला साठा रक्तात झिरपत होता. मात्रा पुन्हा वाढवली आणि या वेळी सहा आठवडे घेऊन हळूहळू उतरवली. ‘औषध बंद केले की झाले’ हे पाण्यात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांना लागू पडेल, येथे नाही. रक्तातील ड जीवनसत्त्व एरवी दोन-तीन आठवड्यांत निम्मे होते, काकूंच्या बाबतीत त्याला सुरुवातीला सुमारे दहा आठवडे लागले.

आहाराबाबत घरच्यांनी उत्साहाच्या भरात थोडा अतिरेक केला. दूध, दही, पनीर आणि नाचणी काही आठवडे कमी ठेवा असे सांगितले होते, कारण कॅल्शियमचा पुरवठा तात्पुरता आवरायचा होता. पण सुनेने दुधाच्या पिशवीवर ‘प्लस एफ’ची खूण पाहिली, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व घातलेले असते हे वाचले, आणि संपूर्ण घराचे, लहान नातवासकट, दूध बंद केले. नियमानुसार अशा दुधात लिटरमागे २०० ते ३०० युनिट ड असते. कमीत कमी दोनशे लिटर दूध प्यायले तरच काकूंच्या एका कॅप्सूलपर्यंत पोहोचता येईल, हा हिशेब कागदावर करून दाखवल्यावर नातवाचे दूध चालू झाले. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला यांचीही अशीच धास्ती बसली होती. त्यांतील पिवळ्या-केशरी रंगद्रव्याचे शरीर गरजेपुरतेच अ जीवनसत्त्व करते, फार खाल्ले तर तळहात पिवळसर होतील, विषबाधा होणार नाही. विषबाधेची भीती असते ती तयार रेटिनॉलची, म्हणजे गोळ्या, यकृत आणि यकृताच्या तेलाची, ज्याची प्रौढांसाठी रोजची वरची मर्यादा ३,००० मायक्रोग्रॅम आहे. काकूंचे मल्टिव्हिटॅमिन आणि तेल मिळून २,००० च्या आसपास जात होते. मर्यादेच्या आत, पण वृद्धापकाळी रेटिनॉलचे प्रमाण दीर्घकाळ चढे राहणे हाडांना चांगले नाही, म्हणून ती बाटली पुन्हा उघडायची नाही असे ठरले.

काकांच्या कॅप्सूल

पिशवी काकूंसाठी मागवली होती; तिने काकांचेही एक प्रकरण पुढे आणले. काकांच्या हृदयाची एक झडप कृत्रिम आहे आणि त्यासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी त्यांना कायमची आहे. ही गोळी के जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते. यकृत रक्त गोठवणारे घटक तयार करते त्याला के लागते. त्याला ‘के’ हे अक्षरच मिळाले ते गोठण्याच्या ‘कोआग्युलेशन’ या शब्दावरून, कारण डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांनी ते शोधले आणि त्यांच्या भाषेत तो शब्द के अक्षराने सुरू होतो. १९४३ चे नोबेल पारितोषिक त्यांना एडवर्ड डॉइझी यांच्याबरोबर विभागून मिळाले. काकांना कोणीतरी सांगितले होते की पोटऱ्यांत गोळे येतात त्यावर ४०० मिलिग्रॅमची ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल रामबाण आहे, आणि ते दोन महिने रोज रात्री एक घेत होते. ई जीवनसत्त्व पेशींच्या आवरणाचे रक्षण करते, शेंगदाणे आणि खाद्यतेलातून ते आपल्याला सहज मिळते, आणि पोटऱ्यांतल्या गोळ्यांवर त्याचा गुण येतो असे म्हणायला भक्कम आधार नाही. मोठ्या मात्रेत मात्र ते के जीवनसत्त्वाच्या कामात व्यत्यय आणते. म्हणजे काकांचे के दोन बाजूंनी दाबले जात होते. त्यांचे आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप, तपासले, ते ४.६ आले, त्यांच्यासाठी ठरवलेली कक्षा २.५ ते ३.५ होती. दाढी करताना रक्त लवकर थांबत नाही हे त्यांनी तेव्हा सांगितले, विचारल्यावर.

ई बंद केल्यावर दोन आठवड्यांनी ते ३.१ झाले. त्याच काळात ते के जीवनसत्त्व भरपूर असलेल्या पालेभाज्याही पुन्हा खाऊ लागले होते, ज्या त्यांनी ‘रक्त पातळ करणाऱ्यांना वर्ज्य’ म्हणून सोडल्या होत्या, त्यामुळे सगळे श्रेय ईच्या कॅप्सूलला देता येणार नाही. अशा रुग्णांनी पालेभाजी सोडू नये, तिचे प्रमाण आठवड्यामागून आठवडे सारखे ठेवावे. काकांना आता सोमवार, बुधवार आणि शनिवार असे पालेभाजीचे वार ठरवून दिले आहेत.

पुढचे सहा महिने

ड जीवनसत्त्वाची पातळी एप्रिलच्या अखेरीस १३१, जूनच्या मध्याला ८२ आणि सप्टेंबरच्या शेवटी ३८ आली. कॅल्शियम मे महिन्यापासून १० च्या आत आहे. क्रिएटिनिन १.२ वर येऊन थांबले, ०.९ परत मिळालेले नाही आणि आता मिळेल असे मला वाटत नाही. मूत्रपिंडांच्या सोनोग्राफीत उजव्या बाजूला ४ मिलिमीटरचा एक खडा दिसतो, तो आधीचा की या प्रकरणातला हे ठरवता येत नाही, कारण आधीची सोनोग्राफीच नाही.

दवाखान्यात दोन गोष्टी बदलल्या. ड जीवनसत्त्वाची कॅप्सूल मी आता वाराच्या नावाने लिहितो, ‘दर रविवारी एक, एकूण आठ, शेवटची अमुक तारखेला’ असे, आणि पुढच्या मात्रेसाठी नवी चिठ्ठी लागेल हे त्याच कागदावर नोंदवतो. आणि ‘कोणती औषधे चालू आहेत?’ या प्रश्नानंतर दुसरा प्रश्न विचारतो: ‘आणि ताकदीचे काय घेता?’ त्या प्रश्नाला बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा लांब उत्तर मिळते.

काकूंच्या घरी सात कप्प्यांची डबी अजून आहे, ताईही आहेत. डबीत आता रक्तदाबाची एकच गोळी असते, क्लोरथॅलिडोन नसलेली. गुडघे दुखतात ते दुखतातच; त्यासाठी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सुरू केले आहेत. पाऊस उघडल्यापासून काकू सकाळी साडेदहाला ताईंबरोबर संकुलाच्या बागेत वीस मिनिटे बसतात, हात कोपरापर्यंत उघडे ठेवून. ३८ ही पातळी पुरेशी आहे, म्हणून ड जीवनसत्त्वाची कोणतीही मात्रा सध्या सुरू केलेली नाही. साठा पूर्ण ओसरल्यावर मूळची कमतरता परत येते का, हे पाहण्यासाठी पुढची तपासणी संक्रांतीनंतरच्या आठवड्यात ठरली आहे.